घोडीच्या पायाखालचं खत

घोडा हे जनावर मला कधीच आवडलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारी उगाच डोळ्याला पदर लावते. बैलाचं मला कळतं. बैल शेण टाकतो, रवंथ करतो, डोळे मिटून बसतो, त्याच्या अंगाला कडब्याचा वास येतो. घोडी मात्र उभ्याउभ्या झोपते, कान टवकारून सदा काहीतरी मागत असते, अन् तिचं मूत! बाई बाई बाई. त्याची वाफ एकदा डोळ्यांना झोंबली की माणूस आईच्या नावानं रडतो. आज इतकी वर्षं झाली, तरी कुणी घोडागाडीतून आलं की मी ओसरीवरून आत जाते.

ती घोडी आमच्या वलगावच्या घरी आली कापसाच्या तेजीत. साता समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली म्हणे, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, अन् विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या मातीची आठवण झाली. मग काय विचारता! ज्याच्या घरी काल धड पितळेची गुंडी नव्हती, तो बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवायला लागला. माझ्या सासऱ्यांनी घोडी घेतली. मी त्यांना मामाजी म्हणत असे, म्हणजे मनात म्हणत असे. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायची रीत नव्हती. मला काही सांगायचं झालं तर मी सासूला, आमच्या आत्याबाईंना सांगायची, अन् मामाजी दोन हातांवर बसलेले असले तरी आत्याबाई तेच त्यांना पुन्हा सांगायच्या.

मामाजी तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. लग्नातला दिवस सोडला तर उभ्या जन्मात घोड्यावर बसले नव्हते. पहिल्या दिवशी ऐटीत वेशीपर्यंत गेले अन् परत आले ते लगाम हातात धरून, चालत, धोतराला धूळ. आत्याबाईंनी विचारलं, “काहो, पायी काहून?” तर म्हणाले, “तिले हवा देऊन राहिलो होतो.” आत्याबाई चुलीकडे तोंड करून इतक्या हसल्या की भाकर करपली. पण त्या माणसाचा जीव होता त्या घोडीवर, हेही खरंच. पोटच्या पोरांच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नसेल, तो तिच्या आयाळीतून तासन्‌तास फिरवायचे.

घोडीसोबत अमरावतीचा एक मोतद्दार ठेवला होता. म्हातारा, पूर्वी कुठल्याशा रिसाल्यात घोड्यांचं करायचा. तो रोज पहाटे घोडीच्या ठाणावरची लीद अन् ओलं कुटार, म्हणजे भुसा, सगळं उपसून उकिरड्यावर फेकायचा, खाली कोरडी माती पसरायचा, अन् एकेक पाय गुडघ्यावर घेऊन खुराचा तळ कोरून काढायचा. मला ते पाहून राग यायचा. फेकायचा म्हणजे? अहो, ते खत होतं!

इथं माझ्या माहेरचं सांगायला हवं. माझं माहेर अकोल्याच्या बाजूचं. माझ्या बापाच्या कोठ्यातली, म्हणजे गोठ्यातली, माती अख्ख्या पंचक्रोशीत वाखाणलेली. त्याची रीत अशी होती की बैलांच्या खालचं ओलं कधी उचलायचं नाही. रोज संध्याकाळी त्याच्यावर वावरातली सुकी माती दोन टोपली पसरायची. ती मूत पिते, वर कोरडं राहतं, वास मरतो. असं दिवाळीपासून होळीपर्यंत थरावर थर चढू द्यायचे, अन् होळी झाली की कुदळीनं खणून गाड्या भरभरून पऱ्हाटीच्या वावरात न्यायच्या. त्या मातीवर कापूस असा येतो की बोंडं ओंजळीत मावत नाहीत. हे काम माहेरी माझ्याकडे होतं अन् मी ते नाक वर करून करत असे. सासरी आल्यावर बैलांच्या कोठ्यातही मी तेच सुरू केलं. आत्याबाईंनी चार बायकांत माझं कौतुक केलं, तेव्हा तर मला आभाळ ठेंगणं झालं.

दिवाळीनंतर मोतद्दार निघाला. गावात तेव्हा कामाला माणूस उरला नव्हता. कुणी अमरावतीला कापसाच्या गाठी दाबायला, कुणी आगगाडीच्या रस्त्यावर. तोही गाठी दाबायला चालला होता. जाताना कोठ्याच्या कुडापाशी थांबला. मी शेण सावडत होते.

“बाई,” तो म्हणाला, “घोडीचं ठान कोरडं ठेवजा. रोज उपसत जा. तुमी बैलाचं करता तसं तिचं नका करू.”

मी अंगात आल्यासारखी फिरले. म्हटलं, “शेनामुताचं तू मले शिकवतं? कुनब्याची पोरगी आहे मी. जाय, तुया गाठी दाब.”

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं अन् मामाजींबरोबर वेशीकडे गेला. मामाजी त्याला पोचवायला गेले होते.

त्या दिवसापासून घोडीचं सगळं माझ्याकडे आलं. माझा नवरा कापसाच्या गाड्यांबरोबर सदा बाहेर. मी काय केलं असेल ते आता सांगायला नको. रोज संध्याकाळी दोन टोपली माती. लीद दिसली की माती, ओल दिसली की माती. वरून बघाल तर ठाण असं कोरडं अन् नीटनेटकं की कुणी ताट मांडून जेवायला बसावं. घोडीचे पाय उचलायचे असतात, तळ कोरायचा असतो, ते माझ्या डोक्यातही आलं नाही. बैलाचे पाय कोण उचलून बघतं?

त्यातच पौषात मामाजींच्या कमरेत उसण भरली. दोन महिने त्यांना घोडीवर बसता येईना, म्हणून घोडी ठाणावरून हललीच नाही. अगाडी-पिछाडीचे दोर बांधलेले, दाण्याची चंदी जागेवर, पाणी जागेवर. मामाजी काठी टेकत रोज तिला बघायला येत. एक दिवस आत्याबाईंना हाक मारून म्हणाले, “पाह्य वो, घोडी उंच होऊन राहिली. आली तवा माह्या हनुवटीले लागे, आता पगडीच्या वर गेली.”

खरंच गेली होती. तिचे कान छपराच्या बांबूला टेकायला लागले होते. मामाजींनी ही गोष्ट पारावर सांगितली. मग माणसं बघायला यायला लागली. चांदूर बाजारहून त्यांचे एक सोयरे आले, त्यांनीही मान वर करून बघितली अन् म्हणाले, “जातीवंत आहे, बुवा. अजून वाढन.” मामाजींची कंबर त्या दिवशी दुखली नाही. आता तुम्ही हसाल. हसा. पण त्या वेळी घरातल्या एकाही शहाण्या माणसाला खाली बघावंसं वाटलं नाही, अन् त्यातली सगळ्यात शहाणी मी.

होळी झाली. बैलांचा कोठा खणून झाला, अन् मी घोडीच्या ठाणाकडे वळले. पाडव्याच्या आत सगळं उपसून, नवी माती भरून, सारवून घ्यायचं होतं. सकाळी मामाजी तिला बाहेर कडुनिंबाखाली बांधायला आले. घोडी पाऊल उचलेना. ओढलं तशी एक पाय टेकवला, झटकन वर घेतला, अन् मान टाकून थरथरायला लागली. “मस्ती आली तिले, उभी राहून राहून,” मामाजी म्हणाले. नंतर म्हणाले, “आखडले असतीन पाय.” वीस हातांवरच्या निंबाखाली नेईपर्यंत ऊन वर आलं.

मी गळ्यातलं डोरलं पाठीवर टाकलं, लुगडं खोचलं, नाकातोंडाला फडकं बांधलं अन् कुदळ घेतली. वरचा थर तुडवून तुडवून इतका घट्ट झाला होता की पहिला घाव उसळून परत आला. दुसऱ्या घावाला खपली उचकटली. माय वो! आतून जी वाफ आली ती नाकात शिरली अन् डोळ्यांतून बाहेर पडली. मी कुदळ टाकली, कुडाला धरलं, अन् सकाळची भाकर तिथंच ओकले.

बैलाच्या मूतमातीचा वास मला ठाऊक होता. तो आंबूस असतो, उग्र असतो, पण नाकाला सवय होते. याची सवय होईना. हातभर खाली माती माती राहिलीच नव्हती. हिरवट-काळा चिखल, बोट घातलं तर कोमट. कोमट! त्यात पांढऱ्या अळ्या, भिजवलेल्या शेवयांसारख्या, गुंत्यागुंत्यानं. एका कोपऱ्यात घूस मरून पडली होती अन् वरून मीच माती टाकत राहिले होते. फावड्यावर अर्धी आली, अर्धी तिथंच राहिली. शी! सांगतानाही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, वांतीच्या आधी सुटतं तसलं. घाण पायातल्या जोडव्यांत शिरली, नखांत शिरली, केसांत शिरली. आत्याबाई दारातून भाकर देत होत्या, ती माझ्यापुढं ठेवून पदर नाकाला लावून पळाल्या. मी त्यांना मनातल्या मनात असल्या शिव्या दिल्या की काय सांगू. घोडीला दिल्या, मोतद्दाराला दिल्या, विलायतेच्या गिरण्यांना दिल्या.

दुपारी घोडीला पाणी दाखवायला निंबाखाली गेले. जाताना अंगावर दोन घागरी ओतून घेतल्या होत्या, फडकं बदललं होतं. तरी तिथं वास आला. ठाणापासून इतक्या लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, तो वास होताच, अन् त्यात आणखी काहीतरी होतं. उन्हाळ्यात सडलेल्या मांसाचं. मी घागर खाली ठेवली अन् वाकून बघितलं. घोडीनं पुढचा डावा पाय अधांतरी धरला होता. खुराच्या तळाशी मधोमध जो मऊ भाग असतो, तिथून काळं पाणी थेंब थेंब गळत होतं. अन् माशा.

मी आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी मामाजींना सांगितलं. मामाजी काठी न घेताच धावले.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून नालबंद आला. पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. त्यानं पाय मांडीवर घेतला, वाकड्या सुरीनं तळ खरवडला, अन् मऊ भागाचा एक लगदा सुरीवर निघून आला. पावसात भिजलेल्या चामड्यासारखा. आंगणात उभे होते ते सगळे चार पावलं मागं हटले. तो हटला नाही. त्यानं चारही पाय बघितले, मग ठाणाकडे गेला, माझा अर्धा खणलेला खड्डा बघितला, त्याची खोली बघितली, अन् परत आला.

“ये किसने किया?” त्यानं विचारलं. “पाटीलसाहब, घोडी है ये. भैंस नहीं. चार महिने इसे दलदल में खडा रखा?”

मी दाराआड उभी होते, पदर तोंडात धरून. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

“म्याच सांगतलं होतं,” मामाजी म्हणाले. “का खत राखा म्हनून.”

त्यांनी असं काही कधी सांगितलं नव्हतं. मी पुढं यायला हवं होतं. नाही आले. कालचा चिखल मला बरा वाटला त्यापुढं. स्वतःची इतकी शिसारी मला ना आधी आली, ना नंतर.

नालबंदानं जाताना सांगितलं की तीन पाय वाचतील, चौथ्याचं सांगता येत नाही. कोरड्या जागी ठेवा, दिवसातून तीनदा धुवा. पाडव्यापर्यंत चारही पाय टेकले तर जगेल. अन् घोडं एकदा आडवं पडून राहिलं, उठेनासं झालं, तर मग तिला छळू नका, मला बोलवा, मी सोडवीन तिला.

ठाण मी दोन दिवसांत तळापर्यंत उपसलं. खाली मुरूम लागेपर्यंत. मुरूम धुतला, त्यावर राख, त्यावर सुकं कुटार. घोडीला परत आत नेलं तेव्हा तिचे कान अन् छपराचा बांबू यांत हातभर अंतर पडलं होतं. मामाजी तिच्या शेजारी उभे राहिले. तिची पाठ त्यांच्या हनुवटीला लागत होती. त्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला अन् बाहेर गेले.

मग खुराचं धुणं सुरू झालं. निंबाच्या पाल्याचं कोमट पाणी, मग काडीला चिंधी गुंडाळून भेगेतली घाण काढायची, मग मोरचुदाची पूड, अन् वरून बोळा. नालबंदानं चिंध्या सांगितल्या होत्या. मामाजींनी गाठीत बांधायला काढलेली उत्तम रुई पुढं ठेवली. ज्या कापसासाठी मी ती माती साठवली, तोच कापूस मी रोज तीनदा त्या घाणीत कोंबत होते अन् काळा झालेला ओढून काढत होते. मामाजी तोंडाचा दोर धरायचे, मी पाय धरायची. घोडीनं मला दोनदा लाथ मारली. बरं केलं. माझ्या हाताला असा वास लागला की पीठ मळायला आत्याबाई मला शिवू देईनात, अन् मी ताटावर बसले की घास तोंडाशी नेताच हात खाली यायचा. मामाजी अन् मी, दोघं त्या एका पायाशी रोज वाकून, अन् आमच्यात एक शब्द नाही. पाणी हवं असलं तर मामाजी घराकडे तोंड करून ओरडायचे, “अवं, तिले म्हना पानी आन!” मी दोन हातांवर.

सातव्या की आठव्या दिवशी, भर दुपारी, घोडी बसली. मग कलंडली. मी पाला आणायला गेले होते, आले तर मामाजी कुटारात बसलेले, तिचं तोंड मांडीवर घेऊन. ते तिला उठ म्हणत नव्हते. नुसते बसले होते, अन् त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. माझ्या हातातला पाला खाली पडला.

मी पदर सावरला नाही. रीतही आठवली नाही. म्हटलं, “मामाजी, खताचं म्या केलं. मोतद्दारानं मले सांगतलं होतं. म्या आयकलं नाई.”

लग्न होऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्यांनी वर बघितलं नाही. घोडीच्या कानामागं खाजवत राहिले. मग म्हणाले, “मलेबी सांगतलं होतं त्यानं. वेशीपाशी. रोज उपसाले लावजा म्हने.”

मी वाकून पडलेला पाला गोळा करायला लागले.

“खालची मातीच वाढून राहिली, हे का मले समजत नव्हतं?” ते म्हणाले. “समजत होतं, पोरी. पन लोक पाहाले येत. तिले उंच म्हनत. मले बरं वाटे.”

मी त्यांच्यापुढं येऊन बसले. इतका राग आला मला त्या म्हाताऱ्याचा! मी तरी अडाणी होते, मला ठाऊक नव्हतं. यांना ठाऊक होतं अन् ते मान वर करून हसत उभे राहिले. माझ्या तोंडून गेलंच, “तुमची हौस झाली, मामाजी, अन् पाय तिचा सडला.”

“हो,” ते म्हणाले.

मग मी उठले. म्हटलं, “तोंड धरा. ओढा.” सासऱ्याला हुकूम केला मी. त्यांनी दोर धरला, मी तिच्या पुठ्ठ्याखाली खांदा घातला, ती लीद, ते मूत, ते सगळं माझ्या मानेवरून खाली आलं, अन् मी कुंथत, शिव्या देत ढकलत राहिले. उठ गं मेले, उठ. मामाजींच्या कमरेत पुन्हा काहीतरी मोडलं, ते ओरडले, पण दोर सोडला नाही. तिसऱ्या झटक्याला ती उठली. तीन पायांवर. आम्ही दोघं कुडाला टेकून बसलो, घाणीनं माखलेले, अन् आत्याबाई दारात येऊन आमच्याकडे बघत राहिल्या.

पाडव्याला तिनं चौथा पाय टेकला. टेकला म्हणजे अंगठ्यावर उभं राहावं तसा. त्यापुढं तो कधी पुरा टेकला नाही. नालबंद येऊन बघून गेला, म्हणाला की जगेल, पण हिच्यावर बसू नका.

त्या ठाणातल्या खताच्या चार गाड्या माझ्या नवऱ्यानं वावरात टाकल्या. कापूस छातीएवढा आला. वेचणीला सगळे गेले, मी त्या कापसाच्या तासांत, म्हणजे ओळींत, पाय ठेवला नाही, अन् मला कुणी काहून म्हणूनही विचारलं नाही.

मामाजी नंतर दर बाजाराला अमरावतीला जात, घोडीचा लगाम हातात धरून, तिच्या लंगड्या चालीनं, पायी. जायला सकाळ जायची, यायला संध्याकाळ. वाटेत लोक हसत, पाटील, घोडी असून पायी काहून म्हणून विचारत. मामाजी कमरेवर हात ठेवून थांबत अन् सांगत, “तिले हवा देऊन राहिलो.”